तारेखालची जागा

एकतीस फूट बाय एकोणीस.
टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं पंचफुलाच्या.
न्हाणीच्या भिंतीशी वाकून ती म्हणाली,
"यात किती झाडं बसतीन?"

मी वर पाहिलं.
छत्तीस वर्षं लाइनमन होतो,
जागा आधी वरून मोजायची सवय.
खांबापासून गुणवंत काळमेघाच्या मीटरपर्यंत
तार आमच्या परसावरून तिरपी जाते,
मधोमध जरा झोल खाऊन.

शेंदूरजन्याला गेलो, नर्सरीत.
खासबागे म्हणाला, संत्रा न्या, जंबेरीवरची कलम.
पण संत्रा गावभर आहे,
बहार तुटला की पिशवी भरून कोणीही देतं.
घरी पुन्हा कशाला?
पेरू म्हणजे वांदरांना आवतन.
कवठ रात्री टिनावर पडलं की
सारी आळी चोर शोधत उठणार.
सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही,
तारेखाली मावेल एवढंच वाढतं. घेतलं.
लिंबू घेतलं.
"रोज कोनी ना कोनी मांगाले येईन," मी म्हणालो.
"येऊ द्या न. तेवढंच बोलनं होते."

मग ती शेडनेटच्या कोपऱ्यात जाऊन थांबली.
"मले जांभूय पायजे."

पावसाआधीची छाटणी नेमकी
जांभूळ टपोरं होतं त्याच पंधरवड्यात येते.
कोणी मुद्दाम ठरवलेलं नाही, पण तसं आहे.
एका रोहिणीत धनोडीला,
सिंधूबाईच्या अंगणात,
खाली लेकरं दुपटं ताणून उभी,
त्यांना वाटलं मी जांभळं पाडायला चढलोय.
मी फांदीच पाडली. मग दुसरी.
मग तारेकडे झुकलेली सगळी बाजू.
निम्मं फळ अजून लालच होतं.
सिंधूबाईनं शिव्या दिल्या नाहीत,
लोटाभर पाणी आणलं आणि विचारलं,
"वरतून आमचं घर कसं दिसते, भाऊ?"
मी काय सांगितलं, आठवत नाही.
बूट जांभळे झाले होते, ते आठवतं.
घरी येण्याआधी नाल्यावर धुतले.

हे पंचफुलाला कधी सांगितलं नाही.
नर्सरीत एवढंच म्हणालो,
बियाच्या झाडाला आठ-दहा वर्षं लागतात,
मला एकसष्टावं चालू आहे.
"मंग कलमी घ्या."
कलमीही वाढतं. तारेला लागेल.
"तं तार हालवा न," ती म्हणाली,
"तुमचीच होय नं ते?"

खासबागे दुसरीकडे बघत हसला.

म्हणून अर्ज घेऊन गेलो सबस्टेशनला.
तिथं आता राऊत बसतो,
खांबावर पहिल्यांदा मीच चढवलेला, थरथरत होता.
त्यानं अर्ज दोनदा वाचला.
"काका, झाडासाठी खांब सरकवायचा?
आपल्याकडं उलटे अर्ज येतात."
डिमांड नोट निघेल म्हणाला. मग चहा मागवला.
मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

सीताफळ लागलं. लिंबाला मुंग्या झाल्या,
राख टाकली, आता बरं आहे.
जांभूळ अजून काळ्या पिशवीतच,
ओट्यावर, तेलाच्या रिकाम्या डब्यात उभं.
तांदूळ धुतलेलं पाणी पंचफुला त्यालाच घालते,
तुळशीला साधं.
मी खड्डा खोदून ठेवलाय, तीन बाय तीन,
शेणखत, थोडी रेती, कारण काळी माती पाणी धरून बसते.
खड्डा बरोब्बर तारेखाली आहे.
दुसरीकडं जागाच नाही.

आज सकाळी शेंड्याला दोन पानं फुटली,
कोवळी, तांब्याच्या रंगाची.
तांब्याची तार उभ्या नोकरीत मी
अर्थिंगलाच तेवढी वापरली,
जमिनीत पुरायला.

डिमांड नोट आलेली नाही.
पंचफुला रोज डब्याशी उभी राहून
झाडाला नाही, मला विचारते,
"कवा?"